रानाचे भाकीत

मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८ साली कारवी फुलली, मग २०१६ साली फुलली, आणि त्यानंतर २०२४ साली. २०३२च्या पावसाळ्याअखेर ती पुन्हा फुलेल, असे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकतो. आठ वर्षे वाढायचे, एकदाच फुलायचे, बी टाकायचे आणि मरायचे, हा त्या झुडपाचा क्रम ठरलेला आहे. आता प्रश्न थोडा बदलून पाहू. कारवी मेल्यावर जो उतार मोकळा होतो, त्याच्यावर पुढच्या आठ वर्षांत काय काय उगवेल? कारवीचीच रोपे पुन्हा दाटतील, की मध्ये एखादा वणवा लागून गवत पुढे जाईल? कडेची घाणेरी आत शिरेल का? त्या झाडोऱ्यावर जगणारे कीटक, कीटकांवर जगणारे पक्षी यांचे काय होईल? आता मात्र जाणकाराचाही आवाज खाली येतो. एका जातीचे आयुष्य सांगता येते. अनेक जाती एका जागी नांदू लागल्या की त्यांचे पुढे काय होईल हे सांगणे अवघड होते. या अवघड प्रश्नाला माणसांनी गेल्या सव्वाशे वर्षांत कसे तोंड दिले, कुठे यश आले, कुठे जबर किंमत मोजावी लागली, याची हकीकत पुढच्या पानांत आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी या विषयाची एक सोपी आवृत्ती शाळेत वाचलेली असते. आधी उघडा खडक, त्याच्यावर दगडफूल, मग शेवाळे, गवत, झुडपे आणि शेवटी घनदाट जंगल. या क्रमाला अनुक्रमण म्हणतात. हे चित्र कल्पनेतून आलेले नाही. शिकागोजवळ मिशिगन सरोवराच्या काठी वाळूच्या टेकड्यांच्या रांगा आहेत. सरोवर मागे हटत गेले तशा त्या एकामागून एक तयार झाल्या. काठाची रांग सर्वांत नवी, आतली सर्वांत जुनी. काठाकडून आत चालत गेले की आधी नुसती वाळू, मग वाळू धरून ठेवणारे गवत, मग पाइन, मग ओकचे रान लागते. हेन्री काउल्स यांनी १८९९ साली या टेकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा युक्तिवाद सुंदर होता. शंभर-हजार वर्षे थांबून पाहणे माणसाला शक्य नाही, पण वेगवेगळ्या वयाच्या जागा शेजारी शेजारी मिळाल्या तर त्यांतून चालणे म्हणजे काळातूनच चालणे होय.

काउल्स सावध माणूस होते. बदलाला दिशा असली तरी तो मध्येच वळतो, मागे फिरतो, हे त्यांना दिसत होते. फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी ती सावधगिरी बाजूला ठेवली. १९१६ साली आलेल्या त्यांच्या मोठ्या ग्रंथात वनस्पतींचा समुदाय हा जणू एकच सजीव आहे. तो जन्मतो, वाढतो, प्रौढ होतो आणि त्या प्रदेशाच्या हवामानाने ठरवून दिलेल्या चरमावस्थेला पोहोचतो. असे असेल तर भाकीत करणे फारच सोपे. पाऊस आणि तापमान कळले की रानाचे अंतिम रूप कळले. वाटेत आग, गुरे, कुऱ्हाड आली तर प्रवास लांबेल इतकेच, मुक्काम बदलणार नाही.

हेन्री ग्लीसन यांनी याला विरोध केला. १९१७ साली थोडक्यात आणि १९२६ साली सविस्तर. त्यांचे म्हणणे असे की, प्रत्येक जात आपल्यापुरती जगते. जिथे तिचे बी पोहोचेल आणि तिला मानवेल तिथे ती वाढेल. ज्याला आपण समुदाय म्हणतो तो अशा अनेक स्वतंत्र जातींचा त्या वेळचा, त्या जागेचा योगायोग असतो. दोन टेकड्यांचे हवामान सारखे असले तरी कोणते बी आधी पोहोचले यावर त्यांचे रान वेगळे होऊ शकते. ग्लीसन यांचे त्या काळी फारसे कोणी ऐकले नाही. ते या वादातून बाहेर पडले आणि न्यूयॉर्क वनस्पती उद्यानात वर्गीकरणाच्या कामात रमले. पुढे १९५०च्या दशकात रॉबर्ट व्हिटेकर यांनी ग्रेट स्मोकी पर्वतात आणि जॉन कर्टिस यांनी विस्कॉन्सिनमध्ये झाडे मोजली, तेव्हा जातींचे चढउतार ज्याच्या त्याच्या ठिकाणी होताना दिसले. एका समुदायाची हद्द संपली आणि दुसऱ्याची सुरू झाली, अशी रेघ कुठे सापडेना. विज्ञानात बाजी ग्लीसन यांच्याकडे झुकली.

प्रशासनात मात्र तसे झाले नाही, आणि मला या विषयावर लिहावेसे वाटले ते यामुळेच. एच. जी. चॅम्पियन यांनी १९३६ साली हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातील वनांचे प्रकार मांडले. १९६८ साली चॅम्पियन आणि सेठ यांनी त्याची सुधारित आवृत्ती काढली. तिच्यावर आजही आपल्या वनखात्याचे कामकाज चालते. त्या मांडणीच्या मुळाशी चरमावस्थेची कल्पना आहे. दख्खनच्या पठारावर पाऊस पडतो, म्हणजे इथे जंगल असायला हवे. ते नाही, म्हणजे कोणीतरी ते तोडले असणार. आणि जपले, झाडे लावली, तर ते परत येईल. यातले शेवटचे वाक्य हे भाकीत आहे. ते तपासून न बघता त्याच्यावर अनेक दशके मनुष्यबळ आणि पैसा खर्च झाला. माळरानांची नोंद पडीक जमीन अशी झाली. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची लागवड झाली. ते झाड तगते, हिरवे दिसते आणि त्याच्या दाट सावलीखाली स्थानिक गवत टिकत नाही.

जंगल परत येईल या भाकिताचा पायाच तपासण्याचे काम अलीकडे महाराष्ट्रात झाले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी पश्चिम महाराष्ट्रातले तेराव्या शतकापासूनचे मराठी वाङ्मय, कथा आणि ओव्या धुंडाळून त्यांतल्या रानटी वनस्पती टिपल्या. अशा ४४ जाती सापडल्या आणि त्यांतल्या २७ माळरानाच्या होत्या. निखळ जंगलाच्या म्हणाव्यात अशा फक्त ३. इंग्रजांची कुऱ्हाड इथे येण्याच्या कितीतरी शतके आधी हा प्रदेश उघडाच होता. खुरटी काटेरी झाडे, मध्ये गवत, त्यात काळवीट, लांडगा, खोकड, धाविक आणि माळढोक, हेच इथले जुने नांदते रान. ज्याचा भूतकाळ चुकीचा लिहिला गेला त्याचे भविष्यही चुकीचेच वर्तवले जाणार. रानाचे भाकीत करणाऱ्याला इतिहासाची जी गरज असते ती ही.

आता ज्या प्रकरणावर या पुस्तकात मी सर्वांत जास्त पाने खर्च केली आहेत त्याकडे येतो. राजस्थानात भरतपूरजवळ केवलादेव हे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे पाणथळ रान आहे. ते मुळात माणसाने बांध घालून घडवलेले. एके काळी ते राजेरजवाड्यांचे शिकारीचे ठिकाण होते. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. हे पाणी पक्ष्यांसाठी राखून ठेवावे म्हणून सलीम अलींनी आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने खूप खटपट केली. पुढे ते राष्ट्रीय उद्यान झाले, आणि राष्ट्रीय उद्यानात कायद्याने चराई चालत नाही. भोवतालच्या गावांच्या म्हशी आणि गुरे पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरत होती. १९८२ साली चराई बंद झाली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली.

बंदीमागचे भाकीत अगदी सरळ होते. गुरे गवत खातात, पाणी ढवळतात, पक्ष्यांना त्रास देतात; ती गेली की पक्षी वाढतील. त्या काळच्या जाणत्या पक्षितज्ज्ञांनाही हे पटत होते, सलीम अलीही बंदीच्या बाजूने होते. सुदैवाने त्याच सुमारास सोसायटीने तिथे दीर्घ अभ्यास सुरू केला होता. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली १९८० ते १९९० अशी दहा वर्षे तो चालला. त्यामुळे बंदीच्या आधीची नोंद होती, नंतरचीही होती, आणि दोन्ही शेजारी ठेवता येत होत्या. त्या नोंदींनी भाकीत उलटवले. पास्पॅलम नावाचे पाणगवत म्हशी खात होत्या. त्यांच्या तोंडून सुटल्यावर ते पसरत गेले. उघडे पाणी झाकले गेले. बदकांना उतरायला, माशांना फिरायला, बगळ्या-बलाकांना चोच मारायला जागा कमी झाली. पाण्यातले कंद उकरून खाणाऱ्या सायबेरियन क्रौंचांनाही गवताच्या त्या जाड गादीचा उपयोग नव्हता. क्रौंच भरतपूरला यायचे थांबले त्याला प्रवासमार्गावरची शिकार आणि इतरही कारणे होती. २००१-०२च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. गवताची गोष्ट मात्र नोंदींतून स्पष्ट झाली. म्हैस ही त्या पाणथळाचाच एक भाग होती, आणि तिला परकी समजून हिशेबातून वगळल्यामुळे हिशेब चुकला. हा निष्कर्ष त्याच संस्थेने मांडला जिच्या लोकांनी बंदीला पाठिंबा दिला होता. या प्रामाणिकपणाबद्दल मला फार आदर वाटतो. आणि जी माणसे गोळीबारात मेली त्यांच्या म्हशींची त्या पाणथळाला गरजच होती, हे लिहितानाही जड जाते.

उत्तराखंडातल्या फुलांच्या दरीतही त्याच सुमारास मेंढपाळांना मज्जाव झाला. तिथे अमेला नावाची उंच वाढणारी वनस्पती पसरली आणि लहान फुलझाडे तिच्याखाली दबू लागली. आता ती दरवर्षी उपटावी लागते. आपल्या साताऱ्याजवळच्या कास पठाराचे प्रकरण याच जातीचे आहे. २०१२ साली ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेले, पर्यटकांची झुंबड उडाली, कुंपण घातले गेले आणि गुरे बाहेर राहिली. जांभ्याच्या त्या सड्यावर मातीचा थर बोटभर असतो. सीतेची आसवे, दवबिंदू यांसारख्या इवल्याशा वनस्पतींना तिथे जागा मिळते ती उंच गवत त्यांना झाकत नाही म्हणून. गुरे थांबली तर गवत उंचावेल आणि छोटी फुले मागे हटतील, असे वनस्पतीअभ्यासक सांगत होते. पुढे कुंपण काढण्यात आले. भरतपूरहून कास लांब आहे, पण तिथला धडा इथे उपयोगी पडला. एका जागेचे ज्ञान दुसरीकडे नेता येणे, भाकीतशास्त्राची खरी कसोटी हीच.

आता कोणी विचारेल, की चराई हवी असा नियम करून टाकू या का? नाही. चराईचे प्रमाण, जनावर कोणते, पाऊस किती, माती कशी, यावर सगळे ठरते. किती जनावरे चारली यावरून त्याच माळावर गवत फुलतेही आणि संपतेही. जोसेफ कॉनेल आणि राल्फ स्लॅटियर यांनी १९७७ साली दाखवून दिले की आधी आलेल्या वनस्पती नंतरच्यांना मदत करतील, अडवतील किंवा काहीच फरक पाडणार नाहीत, या तिन्ही वाटा निसर्गात खुल्या असतात. कोणत्या जागी कोणती वाट चालू आहे, हे तिथे जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

गणिताने हा प्रश्न सुटेल अशी मोठी आशा होती. लोटका आणि व्होल्टेरा यांनी १९२०च्या दशकात शिकारी आणि शिकार यांच्या संख्यांची समीकरणे लिहिली आणि ती अतिशय देखणी आहेत. पण १९७० नंतर रॉबर्ट मे यांनी दोन गोष्टी सिद्ध केल्या. एक, जाती आणि त्यांचे परस्परसंबंध वाढत गेले की समुदाय आपोआप अधिक स्थिर होतो ही समजूत गणितात टिकत नाही. दुसरी अधिक धक्कादायक. एकाच जातीच्या वाढीचे साधे समीकरणसुद्धा असे वागू शकते की सुरुवातीच्या आकड्यात किंचित फरक पडला तरी काही पिढ्यांनंतरचे उत्तर पार वेगळे यावे. हे कागदावर ठीक, प्रत्यक्षात असे होते का? जर्मनीत बाल्टिक समुद्राचे पाणी एका टाकीत भरून त्याचा प्रकाश आणि तापमान स्थिर ठेवले गेले आणि त्यातले जीवाणू, शैवाल, सूक्ष्म प्राणी यांची २,३०० हून अधिक दिवस आठवड्यातून दोनदा मोजणी झाली. बाहेरून काहीही बदलत नसताना संख्या एकदाही स्थिरावल्या नाहीत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले की त्या टाकीतल्या जातींचे भाकीत फार तर पंधरा ते तीस दिवसांचे करता येते. त्यापुढे अंधार.

आणि ही तर बंद टाकी. खऱ्या जगात कुठूनही काहीही येते. अमेरिकेतल्या आयल रॉयल या बेटावर १९५८ पासून लांडगे आणि मूस हरणे मोजली जात आहेत. १९८० साली तिथे पन्नास लांडगे होते, दोन वर्षांनी चौदा. कुत्र्यांचा पार्वो नावाचा रोग बेटावर पोहोचला होता.

हे सगळे वाचून निराश होण्याचे कारण नाही, कारण भाकिताचे दोन प्रकार नीट वेगळे ठेवले की बरीच वाट मोकळी होते. अमुक वर्षी अमुक जातीची संख्या इतकी असेल, हे बहुधा सांगता येणार नाही. समुदायाचा कल कुठे असेल, हे पुष्कळदा सांगता येते. इंग्लंडमध्ये रॉथम्स्टेडला १८५६ साली लॉज आणि गिल्बर्ट यांनी गवताच्या एका कुरणाचे तुकडे पाडून त्यांना वेगवेगळी खते देणे सुरू केले. तो प्रयोग आजही चालू आहे. खत न घातलेल्या तुकड्यांत चाळीसच्या आसपास जाती नांदतात. अमोनियम सल्फेट वर्षानुवर्षे घातलेल्या आणि चुना न मिळालेल्या तुकड्यांत दोन-तीनच उरल्या. माती सुपीक केली, आम्ल होऊ दिली, की थोड्या आडदांड जाती बाकीच्यांना हुसकावतील हे भाकीत आता जगात कुठल्याही कुरणावर बऱ्याच खात्रीने करता येते. कोणत्या दोन-तीन जाती उरतील, ते त्या त्या कुरणाने ठरवायचे.

अशी खात्री येते ती एकाच जागी वर्षानुवर्षे मोजत राहिल्याने. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर १९८०च्या दशकाच्या आरंभी पन्नास हेक्टर जंगलातले प्रत्येक झाड मोजून त्याला क्रमांक दिला गेला. भारतात तसाच पन्नास हेक्टरांचा तुकडा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ साली मुदुमलाईत आखला. रामन सुकुमार आणि त्यांचे सहकारी तो सांभाळत आले. सुरुवातीला तिथे वारंगाची झाडे सर्वांत जास्त होती. हत्तींनी ती मोडली, सोलली, आणि काही वर्षांतच त्यांची संख्या ढासळली. पुढे वणव्यांची वर्षे आली, मग घाणेरीची. पाच वर्षांचा प्रकल्प घेऊन गेलेल्या अभ्यासकाला यातला एकच अंक दिसला असता आणि त्याने तेवढ्यावर सगळ्या जंगलाचे भविष्य लिहिले असते. आपल्याकडचे बहुतेक संशोधन दुर्दैवाने अशाच तीन-चार वर्षांच्या तुकड्यांत अडकले आहे. पदवी मिळाली की खुंट्या उपटल्या जातात.

हवामान बदलत असताना हे काम अधिक निकडीचे झाले आहे. काउल्स यांची वाळूतली वाट उपयोगी होती, कारण जुन्या टेकडीला जसे हवामान लाभले तसेच नव्या टेकडीला लाभेल असे धरता येत होते. आता तसे धरता येत नाही. कालच्या रानावरून उद्याचे रान ओळखणे कठीण होत चालले आहे आणि नेमके त्याच वेळी राज्ये मोठमोठ्या वृक्षलागवडीची उद्दिष्टे जाहीर करत आहेत. प्रत्येक लागवड म्हणजे एक भाकीत असते. दहा वर्षांनी इथे काय दिसेल, हे आधी लिहून ठेवले आणि दहा वर्षांनी जाऊन पाहिले तर चुकलेले भाकीतही कामाचे ठरते. लिहूनच ठेवले नाही तर भरतपूर पुन्हा पुन्हा होत राहील.

पुढच्या प्रकरणांत गणित आहे, पण ते वगळून वाचले तरी धागा तुटणार नाही, अशी काळजी मी घेतली आहे. भरतपूरचे प्रकरण मात्र कृपया वगळू नका.

शेवटची विनंती महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र विभागांना आहे. दरवर्षी आपण विद्यार्थ्यांना सहलीला नेतो, नमुने गोळा करतो, वही तपासतो आणि विसरतो. त्याऐवजी जवळच्या माळावर, सड्यावर किंवा देवराईच्या कडेला दहा मीटर बाय दहा मीटरचा एकच तुकडा आखा. कोपऱ्यांवर दगड रोवा, जागेची नोंद ठेवा, गुरे येतात का, आग लागते का तेही लिहा, आणि दरवर्षी त्याच महिन्यात तिथली प्रत्येक जात मोजा. निघण्यापूर्वी विद्यार्थ्यांना पुढच्या वर्षीचे भाकीत लिहायला लावा आणि ती वही पुढच्या तुकडीच्या हाती द्या. यासाठी अनुदान लागत नाही, परवानगीही बहुधा फक्त जागेच्या मालकाची लागते. येत्या पावसाळ्यात सुरू करा.